स्टीव्ही स्मिथ: एक घर, एक नोकरी आणि बुडणाऱ्या माणसाची कविता

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग' ('हात हलवत नव्हतो, बुडत होतो') ही एकच इंग्रजी कविता वाचली, आवडली. पण ही स्टीव्ही स्मिथ कोण, ती गमतीच्या कविता लिहिणारी की आयुष्याला कंटाळलेली, आणि पुढं काय वाचावं?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची गाडी तिथंच अडते. स्टीव्ही स्मिथबद्दल दोन ठरलेल्या कथा फिरत असतात. एक, लंडनच्या उपनगरात म्हाताऱ्या मावशीबरोबर राहणारी, वय झालं तरी शाळकरी पोरीसारखे झगे घालणारी विक्षिप्त बाई. दोन, लहानपणापासून मरणाचा ध्यास घेतलेली दुःखी कवयित्री. दोन्ही कथांतले तपशील खरे आहेत. तरीही कविता वाचताना त्यांचा उपयोग कमी आणि अडचण जास्त होते, कारण कवितेत जो कोणी बोलतो तो स्टीव्हीच, असं त्या धरून चालतात. तिची खरी ताकद आवाज बदलण्यात आहे. या एका कवितेच्या बारा ओळींत ती तीन जणांना बोलायला लावते आणि अवतरणचिन्ह एकही वापरत नाही. त्यामुळे 'विनोदी की निराश' याला एका शब्दात उत्तर नाही. कोण बोलतंय ते आधी पाहावं लागतं.

आता आयुष्य. तिचं मूळ नाव फ्लॉरेन्स मार्गारेट स्मिथ. जन्म २० सप्टेंबर १९०२, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी. घरात तिला पेगी म्हणत. 'स्टीव्ही' हे नाव बरंच पुढं पडलं. ती मैदानावर घोडा दौडवत होती, अंगानं अगदी लहानखुरी, तेव्हा बघणाऱ्या पोरांनी त्या काळच्या स्टीव्ह डॉनह्यू या गाजलेल्या जॉकीचं नाव घेऊन आरोळी ठोकली. नाव चिकटलं, आणि पुढं पुस्तकांवरही तेच आलं. लेखक पुरुष की बाई हे त्या नावावरून कळत नाही, ही सोय तिच्या पथ्यावर पडली असावी.

वडील जहाजमालाच्या धंद्यात होते. धंदा बसला, लग्नही धड चाललं नव्हतं, आणि ते जहाजावर नोकरी धरून निघून गेले. मग कधीतरी उभ्याउभ्या भेट, नाहीतर कुठल्याशा बंदरातून आलेलं चार शब्दांचं कार्ड. तिच्या पहिल्याच संग्रहात 'पापा लव्ह बेबी' ही कविता आहे. तिच्यात बाबागाडीत बसलेलं तीन वर्षांचं पोर आईनं केलेल्या लग्नाबद्दल नापसंती दाखवतं, ती नापसंती त्याच्या डोळ्यांत दिसते, आणि पंधरा दिवसांत बाप समुद्राकडे पळतो. बाप गेल्याचा दोष पोर स्वतःकडे घेतं, तोही यमकं जुळवून, हसतहसत. तिची अख्खी पद्धत या एका छोट्या कवितेत सापडते.

१९०६ साली आई दोघी मुलींना घेऊन लंडनच्या उत्तरेला पामर्स ग्रीन या उपनगरात आली. घर भाड्याचं, पत्ता १, अ‍ॅव्हनडेल रोड. सोबत आईची बहीण मॅज स्पिअर, आणि आणखी एक वयस्कर नातलग बाई. घरात पुरुष नाही. मोठी बहीण मॉली पुढं शिक्षिका झाली, तिनं कॅथलिक पंथ स्वीकारला आणि ती घराबाहेर पडली. आई १९१९ साली वारली. त्यानंतर त्या घरात मावशी आणि स्टीव्ही, अशी जवळजवळ पन्नास वर्षं. स्टीव्हीनं तो पत्ता मरेपर्यंत सोडला नाही.

मावशीला ती 'लायन', म्हणजे सिंह, म्हणायची. मावशीला कवितेत काडीचा रस नव्हता, आणि हे भाचीला फार सोयीचं होतं. घरात कुणी कौतुक करणारं नाही म्हणजे टीका करणारंही नाही. स्वयंपाक, बाजार, घराची व्यवस्था सगळं मावशीकडे. म्हातारपणी मावशी अंथरुणाला खिळली तेव्हा कुठं स्टीव्हीनं स्वयंपाकघर हातात घेतलं. 'बिचारी मावशीला सांभाळत राहिली' असं जे लिहिलं जातं ते शेवटच्या काही वर्षांपुरतं खरं. त्याआधीची कित्येक दशकं मावशीनंच तिला सांभाळलं.

पाचव्या वर्षी तिला पोटाचा क्षय झाला आणि केंटच्या किनाऱ्यावरच्या ब्रॉडस्टेअर्स इथल्या आरोग्यधामात ठेवलं. तिथं येऊनजाऊन तिची तीन वर्षं गेली. आपण आठ वर्षांच्या असताना मरण हे आपल्या हातात आहे हा विचार पहिल्यांदा सुचला आणि त्यानं धीर आला, असं ती पुढं सांगत असे. जेव्हा हवं तेव्हा हाक मारता येईल असा नोकर, या रूपात मरण तिच्या कवितेत वारंवार येतं. १९३८ च्या 'टेंडर ओन्ली टू वन' या संग्रहाची शीर्षककविता फुलाच्या पाकळ्या खुडत 'माझं प्रेम कुणावर' हा मुलींचा खेळ खेळते, आणि शेवटच्या पाकळीला नाव येतं ते मृत्यूचं. इथं लगेच 'अरेरे' म्हणू नका. चाल खेळाची आहे, थाटही खेळाचाच आहे, आणि ती जाणूनबुजून तशीच ठेवली आहे.

शाळा संपल्यावर विद्यापीठ नाही. सेक्रेटरीचं शिक्षण आणि लगेच नोकरी. पिअर्सन आणि न्यून्स या जोडकंपन्या, म्हणजे 'टिट-बिट्स' आणि 'स्ट्रँड मॅगझिन' काढणारा मोठा नियतकालिकांचा कारखाना. तिथं ती सर नेव्हिल पिअर्सन यांची, आणि पुढं सर फ्रँक न्यून्स यांचीही, खाजगी सेक्रेटरी होती. विशीच्या सुरुवातीला ती नोकरीला लागली आणि १९५३ मध्ये बाहेर पडली. बढती अशी नाहीच. पत्रं टाइप करायची, फोन घ्यायचे, चहा द्यायचा. मधे वेळ भरपूर मिळायचा.

या नोकरीकडे चरित्रवाचक दुर्लक्ष करतात, ते मला चुकीचं वाटतं. पहिली कादंबरी तिथंच लिहून झाली, आणि तिच्या नावातच ऑफिसची स्टेशनरी आहे. १९३५ मध्ये तिनं कविता चॅटो अँड विंडस या प्रकाशनाकडे नेल्या. तिथल्या इयन पार्सन्स यांनी सांगितलं की आधी एखादी कादंबरी लिहून आणा. तिनं लिहिली. 'नॉव्हेल ऑन यलो पेपर' १९३६ साली जोनाथन केप यांनी छापली. निवेदिका पाँपी कॅस्मिलस ही एका प्रकाशनसंस्थेतली सेक्रेटरी. साहेबांची पत्रं निळ्या कागदावर, म्हणून आपलं लिखाण ती पिवळ्या कागदावर टाइप करते, म्हणजे चुकून टपालात जायला नको. कादंबरीला कथानक म्हणावं असं नाही. पाँपी बोलत सुटते आणि मधेच विषय सोडते. पुस्तक असं गाजलं की रॉबर्ट निकल्स या कवीनं प्रसिद्ध कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फला पत्र लिहून कळवलं, स्टीव्ही स्मिथ म्हणजे तुम्हीच, आणि हे तुमचं सर्वांत चांगलं पुस्तक. वुल्फबाईंना ते कसं लागलं असेल कोण जाणे.

कादंबरी चालली तेव्हा कवितांनाही दार उघडलं. 'अ गुड टाइम वॉज हॅड बाय ऑल' १९३७ मध्ये आला. हे नाव तिनं चर्चच्या पत्रिकांमधून उचललं, जिथं सहलीचा वृत्तान्त याच वाक्यानं संपवायची पद्धत असे. मग 'टेंडर ओन्ली टू वन', १९४२ मध्ये 'मदर, व्हॉट इज मॅन?', १९५० मध्ये 'हॅरल्ड्स लीप'. मधे आणखी दोन कादंबऱ्या: 'ओव्हर द फ्रंटिअर' (१९३८) आणि 'द हॉलिडे' (१९४९). 'द हॉलिडे' मुळात युद्धाच्या काळात लिहिली. छापायला इतका उशीर झाला की तिला युद्धाचे उल्लेख युद्धोत्तर करून घ्यावे लागले. तिच्यातल्या पात्रांच्या गप्पांत हिंदुस्थान सोडण्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला ती वेगळ्या कारणानं रंजक वाटेल.

पन्नाशीच्या सुमाराला मात्र गाडं रुतलं. संपादक कविता परत पाठवू लागले. मावशी ऐंशीच्या घरात. ऑफिसचा वीट आलेला. एप्रिल १९५३ मध्ये तिनं 'नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग' लिहिली. जुलैच्या पहिल्या दिवशी ऑफिसातच तिनं जीव देण्याचा प्रयत्न केला. ती वाचली, डॉक्टरांनी पुन्हा कामावर जायचं नाही असं सांगितलं, आणि कंपनीनं पेन्शन देऊन मोकळं केलं.

तारखांचा हा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण दोन चुका इथं नेहमी होतात. कविता १९५७ च्या संग्रहात आली म्हणून ती १९५३ च्या प्रसंगानंतरची, त्या प्रसंगाचं वर्णन करणारी, असं धरलं जातं. ती आधीची आहे. दुसरी चूक म्हणजे कवितेतला बुडणारा माणूस थेट स्टीव्ही मानणं. कवितेचं बीज वर्तमानपत्रातल्या एका बातमीत होतं: एक जण बुडत होता, मित्रांना वाटलं हात हलवतोय.

कविता फक्त तीन कडव्यांची आहे, त्यामुळे कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक ओळीपुढं बोलणाऱ्याचं नाव मांडा. पहिल्या दोन ओळी निवेदकाच्या: माणूस मेलाय, त्याचं कुणी ऐकत नाही, पण तो कण्हतोय. तिसऱ्या ओळीला काहीही न सांगता मेलेला स्वतः बोलू लागतो, आणि 'तुम्हाला' उद्देशून बोलतो. तो 'तुम्ही' म्हणजे किनाऱ्यावरचे लोक, पण वाचतोय आपण, म्हणून आरोप आपल्यावर येतो. दुसरं कडवं बघ्यांचं. बिचारा, सदा थट्टामस्करी करायचा, आणि आता गेला. मग येते त्या कडव्याची लांबलचक तिसरी ओळ: पाणी गार असणार, हृदय बंद पडलं. मूळ इंग्रजीत या दोन कारणांच्या मधे स्वल्पविरामही नाही. कारणं एकमेकांवर चढतात, माणसं घाईघाईनं हात झटकतात, आणि 'असं ते म्हणाले' एवढीच तोकडी ओळ त्यांना मिळते. तिसऱ्या कडव्यात मेलेला त्यांचं म्हणणं खोडतो: गारठा त्या दिवशीचा नव्हता, तो कायमचाच होता. शेवटी पहिल्या कडव्यातलं वाक्य परत येतं, फक्त त्या दिवसाच्या जागी आता सगळं आयुष्य आलेलं असतं.

आणि मग चित्र. स्टीव्हीच्या कवितांबरोबर तिची स्वतःची रेखाटनं असतात, चाळा म्हणून काढलेली वाटावीत अशी. ती साठवून ठेवायची आणि कविता झाल्यावर त्यातलं एखादं शेजारी लावायचं, अशी तिची पद्धत. या कवितेत मेलेला माणूस पुरुष आहे, आणि शेजारचं चित्र आहे कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या, ओले केस तोंडावर आलेल्या एका मुलीचं. ती बुडत नाही, हातही हलवत नाही. चुकून लागलं असेल म्हणावं, तर अशी न जुळणारी चित्रं तिच्या पुस्तकांत पानोपानी आहेत. कविता म्हणते एक, चित्र त्याला फाटा फोडतं. प्रकाशकांना ही चित्रं नको असत, आणि ती हट्ट धरत असे. इंटरनेटवर जी प्रत सापडते तिच्यात चित्र नसतं आणि बरेचदा ओळीही चुकीच्या जागी तोडलेल्या असतात, म्हणून तिथून वाचलेल्या कवितेवर मत बनवू नका.

नोकरी सुटल्यावर तिनं पुस्तकपरीक्षणांवर घर चालवलं, आणि चिकार लिहिलं. १९६२ मध्ये निवडक कवितांचं पुस्तक आलं आणि वारा फिरला. कवी फिलिप लार्किननं 'न्यू स्टेट्समन' या साप्ताहिकात तिच्यावर लिहिलं. चेष्टा आणि वेदना यांची गाठ त्यानं बरोबर ओळखली, जरी तिच्या चित्रांवर तो फारसा खूश नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी कवयित्री सिल्व्हिया प्लाथनं तिला पत्र पाठवून आपण तिच्या कवितांच्या पुरत्या आहारी गेलो आहोत असं कळवलं आणि चहाला भेटायची इच्छा व्यक्त केली. स्टीव्हीनं सौजन्यानं उत्तर दिलं. भेट झाली नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये प्लाथ वारली.

साठच्या दशकात जाहीर काव्यवाचनाची लाट आली आणि साठीची ही बाई पोरांच्या गर्दीत तारका झाली. कपाळावर बटा, झग्यासारखा पोशाख, पांढरे मोजे. काही कविता ती वाचत नसे, गात असे, तेही बेसूर. चाली बहुधा चर्चच्या प्रार्थनागीतांच्या. आरतीच्या चालीवर कुणी बुडीत खात्याचा हिशोब गावा, तसा परिणाम साधायचा. चाल ओळखीची आणि शब्द भलतेच, त्यामुळे ऐकणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. तिच्या कवितेतली ओळ मधेच लांबते, यमक लंगडतं, ते या गाण्यामुळे उलगडतं. तिच्या वाचनाच्या ध्वनिफिती आहेत. एखादी जरूर ऐका. कागदावर अडखळलेली ओळ तिच्या तोंडी सरळ बसते.

धर्माबद्दल एक वेगळं सांगायला हवं. ती अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, वळणात वाढली आणि त्यातून बाहेर पडली, पण प्रार्थनागीतं आणि बायबलची भाषा तिच्या कानातून गेली नाही. नरकात कायमचा जाळणारा देव तिला नीतीच्या दृष्टीनं मान्य नव्हता, आणि हा वाद ती कवितेत, निबंधात, १९६८ च्या एका भाषणात चिकाटीनं घालत राहिली. हे तिचं सर्वांत गंभीर लेखन आहे. 'गमतीशीर बाई' या प्रतिमेत ते मावत नाही म्हणून वगळलं जातं.

१९६६ मध्ये कवींना दिला जाणारा चोल्मॉन्डली पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये कवितेसाठीचं राणीचं सुवर्णपदक. ते घ्यायला ती बकिंगहॅम राजवाड्यात गेली. मावशी ते पाहायला नव्हती. ती १९६८ मध्ये, नव्वदी केव्हाच ओलांडून, गेली होती. डेव्हनमध्ये राहणाऱ्या मॉलीला पक्षाघाताचा झटका आला, तिच्याकडे गेलेली असताना स्टीव्हीच आजारी पडली. मेंदूत गाठ निघाली. बोलताना शब्द सापडेनासे झाले. 'कम, डेथ' ही शेवटची कविता तिनं आपले स्नेही जेम्स मॅकगिबन यांच्या हाती दिली ती 'डेथ' या शब्दाभोवती गोल काढून. ७ मार्च १९७१ रोजी अ‍ॅशबर्टनच्या रुग्णालयात ती वारली. पुढच्या वर्षी 'स्कॉर्पियन अँड अदर पोएम्स' आला.

वाचायचं कसं, ते आता. समग्र कविता एकदम हातात घेऊ नका. पुस्तक जाड आहे आणि त्यात हलक्याफुलक्या चार-चार ओळींचा भरणा इतका आहे की तिसाव्या पानावर कंटाळा येतो. यात दोष तिचाही आहे, तिला स्वतःचं गाळता येत नसे. समग्र घ्यायचंच तर विल मे यांनी संपादित केलेली फेबर प्रकाशनाची २०१५ ची आवृत्ती घ्या, तिच्यात चित्रं आहेत. मॅकगिबन यांची १९७५ ची जुनी आवृत्ती ग्रंथालयात सहज मिळते आणि कामाला पुरते.

सुरुवात पाच कवितांनी करा. 'पापा लव्ह बेबी' वर आलीच. 'द रिव्हर गॉड'मध्ये हार्टफर्डशरमधली मिमरम ही नदी म्हाताऱ्या, वास मारणाऱ्या, लाघवी देवाच्या तोंडून बोलते आणि बुडालेल्या बाईला आपल्या तळाशी जपून ठेवते. त्याचं लाघव चार ओळींत आवडू लागतं आणि मग अंगावर काटा येतो. 'आय रिमेंबर'मध्ये युद्धकाळात त्र्याहत्तर वर्षांचा नवरा आणि क्षयी तरुण बायको लग्नाच्या रात्री डोक्यावरून जाणाऱ्या बाँबर विमानांविषयी बोलतात. भावनेचा शब्द येतो तो फक्त शेवटच्या ओळीत. 'द फ्रॉग प्रिन्स'मधला बेडूक विहिरीत सुखी आहे आणि राजपुत्र व्हायची त्याला भीती वाटते. शेवटी 'थॉट्स अबाउट द पर्सन फ्रॉम पोरलॉक'. कोलरिज या कवीची 'कुब्ला खान' ही कविता पोरलॉक गावच्या कुणीतरी दार वाजवल्यामुळे अर्धी राहिली अशी आख्यायिका आहे. स्टीव्ही म्हणते, कोलरिज आधीच अडला होता, त्याला बहाणाच हवा होता. मग ती त्या पाहुण्याची आजी कोण, मांजर कोणतं, असल्या फालतू चौकशीत रमते, आणि अचानक स्वतःसाठीच तसा पाहुणा मागते, विचार कायमचे थांबवणारा. हसण्यातून मागणीकडे ती नेमक्या कुठल्या ओळीला वळते ते शोधा. त्याआधी दोन-तीन ओळी ती तयारी करत असते.

त्यानंतर 'नॉव्हेल ऑन यलो पेपर'. पहिल्या काही पानांतच ज्यू मित्रांच्या पार्टीत आपण एकटीच ज्यू नाही याचा पाँपीला जो उन्माद चढतो, तो आज वाचवत नाही. तिथं पुस्तक बंद करू नका, आणि सारवासारवही करू नका. पुढं पाँपी जर्मनीला जाते आणि आपल्या त्या सुखद भावनेचं कुळ कुठलं हे तिला कळतं. स्टीव्ही स्वतः १९२९ आणि १९३१ मध्ये जर्मनीत जाऊन आली होती. तो हिशोब पुरता चुकता झाला असं मात्र म्हणता येत नाही, आणि अभ्यासकांचा त्यावर वाद चालू आहे.

ह्यू व्हाइटमोर यांचं 'स्टीव्ही' हे १९७७ चं नाटक आणि त्यावरचा १९७८ चा सिनेमा, दोन्हींत ग्लेंडा जॅक्सन, बघायला सुरेख आहेत; पण सगळं बैठकीच्या खोलीत घडतं, त्यामुळे मावशी मनात घर करते आणि ऑफिस बाहेरच राहतं. चरित्र हवं तर फ्रान्सेस स्पॉल्डिंग यांचं १९८८ चं घ्या. तारखांच्या बाबतीत ते भरवशाचं आहे. 'ओव्हर द फ्रंटिअर' सगळ्यात शेवटी ठेवा. पहिल्या कादंबरीची पाँपी तिथं एकदम गणवेशात, हेरगिरीच्या कामावर दिसते, आणि आधीचं पुस्तक वाचलेलं नसेल तर लेखिकेचं डोकं ठिकाणावर आहे का असा प्रश्न पडतो.